पहिल्यांदाच ग्रामपंचायत लढवताय? मतदान यंत्र आणि मतपत्रिका आधी समजून घ्या

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातल्या ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, त्यात आमचंही गाव होतं. वहिनी प्रभाग दोनमधून उभ्या राहिल्या आणि मतदान केंद्रात त्यांच्या वतीने बसायची जबाबदारी माझ्यावर आली. तोपर्यंत मतदान यंत्र म्हणजे बटण दाबायचं आणि बाहेर यायचं, एवढीच माझी ओळख होती. मतपत्रिका कोण ठरवतं, यंत्र कधी आणि कुठे तयार होतं, आपल्याला काय बघायचा हक्क आहे, यातलं काहीच माहीत नव्हतं. गावात विचारलं तर जो तो विधानसभेच्या निवडणुकीवरून सांगायचा, आणि त्यातलं निम्मं ग्रामपंचायतीला लागूच पडत नव्हतं.

म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तुम्ही उमेदवार असाल, पॅनेलचं काम बघत असाल किंवा पहिल्यांदा बूथवर बसणार असाल, तर अर्ज भरायच्या आधीच हे वाचा. नंतर वाचून यातल्या निम्म्या गोष्टींचा उपयोग राहत नाही.

१. कायदा कुठला आणि आयोग कुठला, हे आधी पक्कं करा

लोकसभा-विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महानगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्ही आयोग वेगळे आहेत. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्य आयोगाला हे अधिकार मिळाले. पंचायतींसाठी अनुच्छेद २४३-ट आहे, शहरांसाठी २४३-यक. महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. मतदार यादी मात्र विधानसभेचीच वापरली जाते, ती प्रभागनिहाय फोडतात. गोंधळाची सुरुवात इथूनच होते, कारण यादी एकच दिसते म्हणून लोकांना नियमही एकच वाटतात.

गावासाठी मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. निवडणूक कशी घ्यायची याचे नियम १९५९ चे. शिवाय प्रत्येक निवडणुकीआधी आयोग आदेश आणि परिपत्रकं काढतो. मतपत्रिकेचा नमुना, रंग, यंत्राची तपासणी हे सगळं त्यांत असतं. हे आदेश आयोगाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. तुमच्या निवडणुकीचे ताजे आदेश काढून छापून ठेवा. आम्ही तीस-चाळीस पानं छापून घेतली होती. केंद्रात वाद झाला तेव्हा त्यातलं एक पान दाखवल्यावर विषय दोन मिनिटांत संपला.

यंत्र कायद्यात बसलं पाहिजे, ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते एका जुन्या प्रकरणावरून कळतं. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर विधानसभा मतदारसंघात काही केंद्रांवर देशात पहिल्यांदा मतदान यंत्र वापरलं गेलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं. यंत्र बिघडलं होतं म्हणून नव्हे, तर यंत्र वापरायची तरतूद तेव्हा कायद्यात नव्हती म्हणून. त्या केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झालं आणि निकाल उलटा लागला. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली.

इथे दोन चुका नेहमी होतात, त्या टाळा.

पहिली चूक व्हीव्हीपॅटची. विधानसभेला बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी दिसते. आमच्या ग्रामपंचायतीच्या केंद्रावर ते यंत्र नव्हतं. राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत त्याचा सरसकट वापर झालेला नाही. २०१७ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेच्या एका प्रभागात प्रयोग झाला होता, तेवढाच. त्यामुळे चिठ्ठ्या मोजा, चिठ्ठी दाखवा, अशी मागणी करून केंद्राध्यक्षांशी भांडू नका, त्यांच्या हातात ते नसतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांची तपासणी करून घ्यायची जी सोय दिली, तीही लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांसाठी आहे.

दुसरी चूक म्हणजे गावाने ठराव करून मतपत्रिका मागणं. ग्रामसभेचा ठराव ही गावाची भावना म्हणून वरपर्यंत जाऊ शकते, पण मतदान कशाने घ्यायचं हे ठराव ठरवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने विधानसभेनंतर स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. दुसरीकडे गोव्यात ऑगस्ट २०२२ ची पंचायत निवडणूक मतपत्रिकेवरच झाली. तिथला राज्य आयोग वेगळा, कायदा वेगळा. पाहुण्यांच्या गावात काय झालं यावरून आपल्या गावातला हक्क ठरत नाही.

२. मतपत्रिकेवरचं तुमचं नाव अर्जाच्या दिवशीच ठरतं

मतपत्रिका छापायला जाते तेव्हा आपल्याला कुणी विचारत नाही. उमेदवारी अर्जात जसं नाव लिहिलं, तसं ते वैध उमेदवारांच्या यादीत येतं, तिथून अंतिम यादीत आणि तिथून मतपत्रिकेवर. म्हणून अर्ज भरताना शुद्धलेखन बघायला घरातला सगळ्यात किचकट माणूस बसवा.

बायकांच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं. मतदार यादीत नाव सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, जात प्रमाणपत्रावर तिसरंच, आणि गाव ओळखतं ते चौथ्या नावाने. वहिनींचं नाव यादीत एका वेलांटीने चुकलं होतं. लोक म्हणाले, सोडा, एवढ्याने काय होतंय. पण त्याच प्रभागात त्याच आडनावाची दुसरी बाई उभी होती आणि दोघींच्या नवऱ्यांच्या नावांत एका अक्षराचा फरक होता. आम्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला, सोबत आधार कार्डाची प्रत लावली, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अंतिम यादीत दुरुस्ती झाली. हे यादी अंतिम होण्याआधीच करावं लागतं. मतपत्रिका छापून यंत्रावर बसल्यावर कुणीही काही करू शकत नाही. गावात तुम्ही वेगळ्याच नावाने प्रसिद्ध असाल, तर तेही याच वेळी लेखी मागा.

नावांचा क्रम मराठी वर्णमालेप्रमाणे लागतो आणि आडनाव आधी येतं. तुमचा क्रमांक पहिला की तिसरा, हे पैसे देऊन किंवा ओळख काढून बदलत नाही. तसं सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

चिन्हाचं थोडं वेगळं आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून निवड करायची असते, म्हणजे कपबशी, छत्री, नारळ, ट्रॅक्टर अशी. पसंतीक्रम देताना पहिली तीन चिन्हं नीट विचार करून लिहा. दोघांनी एकच मागितलं तर प्रश्न चिठ्ठीवर जातो. चिन्ह निवडताना मी एकच कसोटी लावतो. बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या खोक्यावर, ते अंगठ्याच्या नखाएवढं, काळ्या रेघांत दिसणार आहे. ज्याचा आकार लांबून, चष्मा नसताना ओळखू येतो ते घ्या. छत्री ओळखू येते. बारीक नक्षीची वस्तू ओळखू येत नाही.

पॅनेलवाल्यांनी हे लक्षात ठेवा. एका प्रभागात तुमच्या तीन उमेदवारांची तीन वेगळी चिन्हं असतात. आणि प्रभाग एकमध्ये तुमच्या माणसाला मिळालेली कपबशी प्रभाग तीनमध्ये समोरच्या पॅनेलला मिळालेली असू शकते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. गावभर एकच पत्रक वाटलं असतं तर आमच्याच पत्रकाने समोरच्यांचा प्रचार झाला असता. प्रभागनिहाय वेगळी पत्रकं छापा, आणि त्यावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या घाला.

३. यंत्रावर काय दिसेल: रंग, अक्षर, नोटा

ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात आणि एका प्रभागातून साधारण दोन किंवा तीन निवडून द्यायचे असतात. शिवाय थेट सरपंच, म्हणजे सरपंचही मतदारांनीच निवडायचा. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. आमची नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, तीन प्रभाग. म्हणजे प्रत्येक मतदाराला चार मतं द्यायची होती: एक सरपंचाला आणि अ, ब, क या तीन जागांना एकेक.

गावात मतपत्रिकेचा रंग जागेच्या आरक्षणावरून ठरतो. आमच्या वेळचे रंग असे होते:

- थेट सरपंच: फिकट निळा
- अनुसूचित जाती: फिकट गुलाबी
- अनुसूचित जमाती: फिकट हिरवा
- नागरिकांचा मागास प्रवर्ग: फिकट पिवळा
- सर्वसाधारण: पांढरा

महापालिकेत असं नसतं. तिथे रंग अ, ब, क, ड या अक्षराला जोडलेला असतो. मुंबईत तर एका प्रभागातून एकच नगरसेवक, त्यामुळे तिथून गावी मतदानाला आलेल्या माणसाला चार मतं ही गोष्टच नवी असते. मुंबईकरांना गाडीतून उतरल्या उतरल्या हे समजावून सांगा.

एका प्रभागात दोन जागा सर्वसाधारण असतील तर दोन्हींचा कागद पांढराच. तेव्हा ‘पांढऱ्यावर दाबा’ असं सांगून भागत नाही, जागेचं अक्षर आणि उमेदवाराचं नाव-चिन्ह सांगावं लागतं. एखादी जागा बिनविरोध झाली असेल तर ती यंत्रावर येतच नाही. शेजारच्या प्रभागात ‘ब’ बिनविरोध झाली होती, आणि अ नंतर थेट क बघून लोक मशीन चुकीचं लावलंय म्हणून बाहेर येत होते. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी कुणी हे सांगितलं असतं तर तो गोंधळ झाला नसता.

प्रत्येक जागेच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटाचं बटण असतं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते स्थानिक निवडणुकांतही आलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगाने शहरांतल्या निवडणुकांसाठी आदेश काढला, की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. गावातल्या कुणी तुमच्यासमोर या नियमाचा हवाला दिला, तर आधी आपल्या निवडणुकीचा आदेश उघडून बघा.

४. मतदाराला शिकवायचं ते एवढंच

आमच्या वाडीतल्या एका आज्जींनी मला विचारलं, “चारी मतं येकालाच दिली तर चालतंय का रं?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण जुन्या लोकांनी मतपत्रिकेवर कितीतरी वर्षं शिक्के मारलेत. मी पुठ्ठ्यावर चार रंगांचे कागद चिकटवून त्यांच्या ओट्यावर बसलो आणि दहा मिनिटं त्यांच्याकडून नुसतं बोट ठेवून घेतलं. निळ्यावर एक, मग अ, मग ब, मग क. तिसऱ्या वेळी त्याच मला म्हणाल्या, “आन् शेवटाला लांब शिट्टी वाजली की भायेर.”

शिकवायचं तेवढंच आहे:

- एका जागेला एकच बटण. दाबल्यावर शेजारी लाल दिवा लागतो. दिवा लागला की त्या जागेचं मत झालं.
- सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की लांब आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.
- एखाद्या जागेला कुणालाच मत द्यायचं नसेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं. जागा मोकळी सोडून निघून गेलं तर मतदान अर्धवट राहतं, यंत्र अडकून बसतं आणि मागची रांग थांबते.

पुठ्ठ्याचं किंवा लाकडाचं डमी यंत्र वापरणार असाल तर त्याचा आकार, रंग, त्यावर काय छापता येईल, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या. दुसऱ्या उमेदवारांची खरी नावं-चिन्हं घालून हुबेहूब मतपत्रिका छापू नका. याचा खर्चही तुमच्या खर्चात धरला जातो. आमच्या वेळी नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार आणि सरपंचाला ५० हजारांची मर्यादा होती. मर्यादा बदलत असते, तेव्हा तुमच्या वेळचा आकडा तहसीलमधून लेखी घ्या.

५. यंत्र तयार होताना हजर राहा

मतदानाच्या काही दिवस आधी तहसील कार्यालयात किंवा ठरवलेल्या सभागृहात यंत्रं तयार करतात. बॅलट युनिटवर मतपत्रिका बसवतात, नको असलेली बटणं झाकतात, कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे मतं साठवणाऱ्या खोक्यात, उमेदवारांची संख्या भरतात, तपासतात आणि सील करतात. याची सूचना उमेदवारांना मिळते. आमच्या तालुक्यात पन्नासेक उमेदवारांपैकी आम्ही सात-आठच गेलो होतो. बाकीचे प्रचारात होते. मला विचाराल तर तो अर्धा दिवस प्रचारापेक्षा मोलाचा आहे.

तिथे हे बघा: मतपत्रिका सरळ बसली आहे का, म्हणजे नाव आणि बटण एका रेषेत आहेत का, नाव, चिन्ह, क्रम अंतिम यादीप्रमाणे आहे का, जागेचं अक्षर आणि आरक्षण बरोबर आहे का, शेवटच्या उमेदवारानंतर नोटाचं बटण उघडं आहे का आणि त्यापुढची झाकली आहेत का. मग तुमच्या केंद्राला जाणाऱ्या कंट्रोल युनिटचा आणि बॅलट युनिटचा क्रमांक वहीत लिहा. राखीव यंत्रांचेही क्रमांक मिळाले तर लिहा. सीलवर सही करायला बोलावलं तर करा.

चूक दिसली तर तिथेच, त्याच क्षणी, लेखी द्या. नुसतं तोंडी सांगून घरी जाऊ नका.

६. मतदानाच्या दिवशी पिशवीत काय हवं

- मतदान प्रतिनिधीचं नेमणूकपत्र, उमेदवाराच्या सहीचं, दोन प्रतींत
- स्वतःचं ओळखपत्र
- उमेदवारांची अंतिम यादी, चिन्हांसह
- त्या केंद्राची मतदार यादी. मयत, दुबार आणि कायमचे बाहेरगावी गेलेले यांच्यापुढे खूण केलेली
- यंत्रांचे क्रमांक लिहिलेली वही, दोन पेनं, कोरे कागद, कार्बन
- आयोगाच्या आदेशाची छापील प्रत
- पाणी आणि डबा

मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून घड्याळ घाला. वेळ लिहिल्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही. पेनाला, वहीला किंवा टोपीला चिन्ह लावलेलं नसावं.

७. पहाटेचं अभिरूप मतदान: पूर्ण दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास

आमच्याकडे मतदान साडेसातला सुरू होणार होतं, अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान, त्याच्या तासभर आधी. डिसेंबरची थंडी, जिल्हा परिषदेच्या शाळेचा चौथीचा वर्ग, पाढ्यांच्या तक्त्याखाली टेबल. समोरच्या पॅनेलचा प्रतिनिधी पोचला नव्हता. केंद्राध्यक्षांनी थोडी वाट बघितली, मग सुरू केलं. उशिरा येणाऱ्यासाठी यंत्र थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

आधी यंत्रात शून्य मतं आहेत हे दाखवतात. मग प्रत्येक बटण दाबून बघतात. आमच्या यंत्रावर सरपंचाचे तीन उमेदवार, अ चे दोन, ब चे तीन, क चे दोन आणि चार नोटा, अशी चौदा बटणं होती. आम्ही आठ फेऱ्या मागितल्या, म्हणजे प्रत्येक बटण निदान दोनदा दाबलं जातं. मी वहीत चार रकाने पाडले आणि फेरीगणिक रेघ मारत गेलो. मग केंद्राध्यक्षांनी निकाल काढून दाखवला. प्रत्येक जागेची बेरीज आठ आली, माझ्या रेघांशी आकडे जुळले.

इथून पुढे डोळ्यांत तेल घालून बघा. निकाल बघितल्यावर ही मतं पुसायची असतात. आमच्या केंद्राध्यक्षांनी क्लिअर केलं, पण घाईत शून्य परत दाखवायचं राहिलं आणि ते सील लावायला घेऊ लागले. मी म्हटलं, “साहेब, टोटल एकदा दाखवा.” त्यांनी लगेच बटण दाबलं, शून्य दिसलं, मी वेळ लिहिली. माणूस सज्जन होता, आदल्या दिवसापासून झोप नव्हती त्यांना. पण ती आठ मतं आत राहिली असती तर संध्याकाळी हिशेब जुळला नसता आणि संशय सगळ्या गावावर आला असता. रागावून नव्हे, नम्रपणे विचारा, पण विचाराच.

त्यानंतर निकालाच्या कप्प्यावर हिरवी कागदी मोहोर लावतात, तिला सगळे ग्रीन पेपर सीलच म्हणतात. तिच्यावर छापील क्रमांक असतो. तो वहीत लिहा आणि सही करा. मोजणीच्या दिवशी हाच क्रमांक जुळवायचा असतो. स्पेशल टॅग आणि स्ट्रिप सील या यंत्राला लागणाऱ्या बाकीच्या मोहोरांचेही क्रमांक लिहून घ्या.

८. दिवसभर

प्रतिनिधीचं मुख्य काम मतदार ओळखणं हे आहे. एखादा माणूस दुसऱ्याच्या नावावर आला असं वाटलं तर लगेच आक्षेप घ्या. नाममात्र रक्कम भरावी लागते, केंद्राध्यक्ष चौकशी करून निर्णय देतात. बोटाला शाई लागल्यावर आणि बटण दाबल्यावर आक्षेप घेऊन काही होत नाही.

उलट कधी कधी खरा मतदार येतो आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असतं. त्याला यंत्रावर नाही, तर कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या लिफाफ्यात बंद होतं आणि नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही. तरीही त्याला ते द्यायला लावा. फरक थोडा असेल आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर तो लिफाफा कामाला येतो.

अंध किंवा आजारी मतदारासोबत सोबती जाऊ शकतो, पण एकच माणूस दिवसभर दहा म्हाताऱ्यांचा सोबती होऊ शकत नाही. सोबत्याचं नाव केंद्राध्यक्ष नोंदवतात, ते लिहिलं जातंय ना एवढं बघा.

यंत्र बंद पडलं तर घाबरू नका. राखीव यंत्र येतं. नव्या यंत्रावर तुमच्यासमोर पुन्हा अभिरूप मतदान झालं पाहिजे आणि जुन्या कंट्रोल युनिटमधली मतं तशीच सीलबंद राहिली पाहिजेत. मोजणीला दोन्ही येतात. दोघांचे क्रमांक, बंद पडल्याची वेळ आणि तोपर्यंतचा आकडा लिहा. ‘मशीन बदललं’ ही बातमी बाहेर भलत्याच रूपात पोचते, म्हणून बाहेरच्या आपल्या माणसाला खरं काय ते स्वतः सांगा.

मी दर दोन तासांनी टोटल विचारून घ्यायचो आणि नोंदवहीतल्या सह्यांशी ताडून बघायचो.

९. साडेपाच वाजल्यानंतर

वेळ संपताना जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या देतात, शेवटच्या माणसापासून पुढे. त्या सगळ्यांचं मतदान होतं. मग केंद्राध्यक्ष क्लोजचं बटण दाबतात आणि त्यानंतर यंत्र एकही मत घेत नाही. तो क्षण डोळ्यांनी बघा.

मग नोंदवलेल्या मतांचा हिशेब तयार होतो. मतदारांची संख्या, यंत्रातली संख्या, यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक त्यात असतात. त्याची प्रत प्रतिनिधीला मिळते. ती घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. दिवसभर उपाशी बसलेली माणसं साडेपाचला उठून जातात, आणि नेमका हाच कागद त्यांच्याकडे नसतो.

१०. मोजणी

मोजणी तालुक्याच्या ठिकाणी होते. मोजणी प्रतिनिधीचं नेमणूकपत्र वेगळं असतं, ते आधी करून घ्या. यंत्र टेबलावर आलं की पहिल्यांदा क्रमांक आणि हिरव्या मोहोरेचा क्रमांक वहीशी जुळवा, मगच कप्पा उघडू द्या. आकडे दिसतात तसे प्रत्येक जागेचे लिहा, नोटासकट. त्या जागेची बेरीज हिशेबाच्या कागदावरच्या संख्येशी ताडून बघा. फरक दिसला तर तिथेच विचारा.

वहिनी नऊ मतांनी पुढे होत्या. समोरच्यांनी फेरमोजणी मागितली, यंत्र पुन्हा दाखवलं गेलं, आकडे तेच आले. फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधीच द्यावा लागतो, लेखी, कारणासह. मतं समान पडली तर चिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन्ही उमेदवारांना ५,९४६ मतं पडली होती आणि निकाल चिठ्ठीवर लागला. तेव्हा एक मत आक्षेप न घेता सोडताना हा आकडा आठवा.

११. निकालानंतरच्या दोन तारखा

निवडणूक चालू असताना मतपत्रिका चुकली, यंत्र बदललं अशा कारणांवरून न्यायालय सहसा मध्ये पडत नाही. घटनेचा अनुच्छेद २४३-ण तसंच सांगतो. दाद मागायची ती निवडणूक अर्जाने. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. उमेदवार करू शकतो, मतदारही करू शकतो. पंधरा दिवस म्हणजे फार नव्हे. वकील शोधण्यातच आठवडा जातो. म्हणून वही, हिशेबाचा कागद, पोच घेतलेले अर्ज हे सगळं मोजणीच्या रात्रीच एका पिशवीत घालून ठेवा, जिंकलात तरी. समोरचा अर्ज करू शकतोच.

दुसरी तारीख खर्चाच्या हिशेबाची. निकालापासून ३० दिवसांच्या आत तो द्यावा लागतो, हरलेल्यांनीही आणि बिनविरोध आलेल्यांनीही. नाही दिला तर कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. गुलाल उधळून झाल्यावर हे विसरणारे दर निवडणुकीत निघतात, आणि नोटीस आल्यावर पळापळ करतात. वहिनींचा हिशेब आम्ही बाविसाव्या दिवशी दिला. डमीच्या पुठ्ठ्याचे आणि रंगीत कागदाचे एकशे चाळीस रुपयेही त्यात लिहिले होते. पोचपावती अजून त्याच पिशवीत आहे.